खोल बाजूला जाण्याआधी

स्वित्झर्लंडमधल्या एका ६९ वर्षांच्या गृहस्थांचं तळ्याकाठी घर होतं. पोहण्यात ते तरबेज, खोल पाण्यातही बिनधास्त. पुढे पार्किन्सन्स जडला, औषधं पुरेनाशी झाली, तेव्हा झुरिचच्या विद्यापीठ रुग्णालयात त्यांच्या मेंदूत बारीक तारा बसवण्याची शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम पार पडली. हातापायांचा ताठरपणा गेला, हालचाल मोकळी झाली. इतकं बरं वाटू लागल्यावर तळ्याकाठचा पोहणारा माणूस जे करेल तेच त्यांनी केलं. सरळ तळ्यात उडी मारली. पाण्यात गेल्यावर कळलं, की पोहताच येत नाहीये. घरातलं माणूस मदतीला धावलं म्हणून वाचले.

डॉ. डॅनिएल वाल्डफोगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही हकीकत नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात मांडली, आणि ती एकट्याची नव्हती. असे नऊ जण त्यांनी नोंदवले. सगळे पूर्वी चांगले पोहणारे, सगळ्यांच्या मेंदूत तारा बसवलेल्या, सगळ्यांचं चालणं-फिरणं शस्त्रक्रियेनंतर सुधारलेलं, आणि सगळ्यांचं पोहणं गेलेलं. त्यांत ५९ वर्षांच्या एक बाई होत्या, स्पर्धांमध्ये पदकं मिळवलेल्या. फिजिओथेरपिस्टबरोबर त्यांनी नेटानं सराव केला, पण पूर्वीची पातळी काही परत आली नाही. ६१ वर्षांच्या दुसऱ्या एक बाई झुरिचचं तळं पोहून पार केलेल्या, जीवरक्षकांच्या स्पर्धांत उतरलेल्या. त्यांना आता पाण्यात शरीर नीट धरताच येईना.

आपल्याकडे घराघरांत बोललं जातं, की सायकल आणि पोहणं माणूस एकदा शिकला की जन्मात विसरत नाही. पार्किन्सन्सच्या बाबतीत या वाक्याचा अर्धा भाग आश्चर्य वाटावं इतका खरा आहे. उरलेला अर्धा भाग जिवावर बेतू शकतो.

खऱ्या भागाची गोष्ट नेदरलँड्समधली. डॉ. बास ब्लूम हे तिथल्या नायमेखन शहरातले न्यूरॉलॉजिस्ट. त्यांच्याकडे ५८ वर्षांचा एक रुग्ण यायचा, दहा वर्षांचा जुना पार्किन्सन्स असलेला. चालायला लागला की पाय जमिनीला खिळायचे, दोन पावलांत तोल जायचा. हा माणूस डॉक्टरांना म्हणाला, की मी रोज सायकल चालवतो. डॉक्टरांचा विश्वास बसेना. सायकल आणून दिली, तर गृहस्थ झोकात निघाले, वळण घेऊन परत आले, आणि सायकलवरून उतरताच पुन्हा जागच्या जागी खिळले. २०१० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने चित्रफितीसह ही नोंद छापली आणि जगभरच्या न्यूरॉलॉजिस्टांनी ती पुन्हा पुन्हा पाहिली. सायकलचं पेडल पायाला ताल देतं, हे त्यामागचं एक संभाव्य कारण. एक पाय खाली गेला की दुसरा वर येणारच.

पाणी असा ताल देत नाही. तिथे सगळा ताल पोहणाऱ्यानं स्वतःच धरायचा असतो.

लंडनजवळच्या हॉक्स्टनमध्ये प्रॅक्टिस करणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर पहिला निबंध लिहिला, तो अवघ्या सहा माणसांच्या निरीक्षणावर. त्यांतले काही तर त्यांना रस्त्यात दिसलेले. पुढे झुकलेलं शरीर, थरथरता हात, चालता चालता नकळत धाव घेणारे पाय हे सगळं त्यांनी टिपलं. आजाराचं त्यांचं वर्णन आजही वाचनीय आहे. पण ते जमिनीवरच्या माणसाचं वर्णन आहे. पाण्यात हा आजार कसा दिसतो याकडे वैद्यकशास्त्राचं लक्ष जायला पुढची जवळजवळ दोन शतकं लागली.

आजाराचं मूळ मेंदूच्या तळाशी, ‘सब्स्टॅन्शिया नायग्रा’ नावाच्या छोट्याशा काळपट भागात. तिथल्या पेशी डोपामिन हे रसायन तयार करतात. लक्षणं दिसू लागेपर्यंत यातल्या निम्म्या किंवा त्याहूनही अधिक पेशी संपलेल्या असतात. डोपामिन घटलं की हालचाल मंदावते, स्नायू ताठरतात, अनेकांचे हात थरथरतात. पण पोहणाऱ्याच्या दृष्टीनं सर्वांत मोठं नुकसान वेगळंच असतं. ज्या हालचाली आपण विचार न करता करतो, त्यांचं आपसूकपण जातं. कार्यालयातला जुना हेडक्लार्क दीर्घ रजेवर गेला, की रोजचा साधा कागदही साहेबांच्या टेबलावर येऊन पडतो. तसंच इथे होतं. चालताना हात हलवायचा, हेसुद्धा आता ठरवून करावं लागतं. ठरवून एक गोष्ट जमते, जोर लावला तर दोन. पोहताना एकाच वेळी पाच गोष्टी लागतात.

फ्रीस्टाइलच घ्या. एक हात पुढे, दुसरा मागे, कमरेपासून शरीराची डावी-उजवी गिरकी, पायांचा सततचा मारा, आणि या सगळ्यात नेमक्या क्षणी तोंड बाजूला वळवून श्वास. पार्किन्सन्समध्ये मान, पाठ आणि कंबर एकसंध ठोकळ्यासारखी वळते, त्यामुळे गिरकी पहिल्यांदा जाते आणि तिच्याबरोबर श्वासाची वेळ चुकते. हालचाल लहान लहान होत जाणं हे या आजाराचं आणखी एक लक्षण. लिहिताना अक्षर ओळीच्या शेवटी मुंगीएवढं होतं, तसाच पायांचा मारा दहा-पंधरा मीटरनंतर आक्रसतो, आणि मग पाय खाली बुडू लागतात. आजार बहुतेकदा शरीराच्या एका बाजूला आधी येतो. त्यामुळे एक हात पुरेसं पाणी ओढतो आणि दुसरा ओढत नाही, आणि सरळ निघालेला माणूस तिरका जाऊन दोरीला लागतो. ‘आजकाल लेनमध्ये नीट राहता येत नाही’ ही तक्रार कधी कधी हाताच्या कंपाइतकीच बोलकी असते. ती ऐकणारा कोच मात्र खांद्याचे व्यायाम सांगून मोकळा होतो.

म्हणजे तारा बसवण्याची शस्त्रक्रिया हीच एकटी दोषी नाही. पोर्तुगालमधल्या डॉक्टरांच्या एका गटानं रुग्णांना थेट पोहण्याविषयीच विचारलं आणि २०२० मध्ये ‘मूव्हमेंट डिसऑर्डर्स’मध्ये निष्कर्ष मांडला, की पार्किन्सन्समध्ये पोहण्याची क्षमताच बाधित होते. प्रश्न साधा होता, पण दवाखान्यात तो सहसा कुणी विचारत नाही. डॉक्टर चालायला लावतात, बोटं टिचकवायला सांगतात, खुर्चीतून उठवतात. पोहता येतं का, हे विचारायला डॉक्टरही विसरतात आणि सांगायला रुग्णही.

तरीही शस्त्रक्रियेचं कोडं विलक्षण आहे. डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे ‘डीबीएस’, हे फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या डॉ. आलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ पासून रुळवलेलं तंत्र. मेंदूत खोलवर तारांची टोकं, गळ्याच्या हाडाखाली कातडीत बसवलेला बॅटरीचा छोटा डबा, आणि दोघांना जोडणारी त्वचेखालची वायर. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांतही ही शस्त्रक्रिया होते आणि योग्य रुग्णाच्या आयुष्यात ती मोठा फरक पाडते, हे आधी सांगायला हवं. झुरिचच्या नऊ जणांपैकी तिघांनी आपलं यंत्र काही वेळ बंद करून पाहिलं. पोहणं तत्क्षणी परत आलं! पण त्याबरोबर आजारही परत आला, इतका, की तिघांनीही यंत्र लगेच पुन्हा सुरू केलं. हातापायांचा एकमेकांशी मेळ घालणाऱ्या मेंदूतल्या जाळ्यात विजेचे ठोके कुठेतरी अडथळा आणत असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. हे शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाचं होतं असं नाही. पण कुणाचं होईल हे आधी ओळखता येत नाही, आणि उडी मारून तपासण्याची ही गोष्ट नव्हे.

मग पार्किन्सन्स झालेल्यानं पाण्याच्या वाटेला जाऊच नये का? उलट आहे. जायलाच हवं, असं म्हणण्याइतका पुरावा आता जमा झाला आहे. फक्त ‘पाण्यात उतरणं’ आणि ‘पोहणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी मान्य करावं लागतं. तरुणपणी विहिरी गाजवलेल्या माणसाला नेमकं तेच सर्वांत जड जातं.

पाण्याचा पहिला गुण म्हणजे ते पडू देत नाही. कमरेएवढ्या पाण्यात पायांवर येणारं वजन साधारण निम्मं होतं, छातीएवढ्या पाण्यात सुमारे एक तृतीयांश, आणि गळ्यापर्यंत उतरलं तर जेमतेम दहावा हिस्सा उरतो. जमिनीवर तोल गेला तर सावरायला क्षणभरही मिळत नाही. पाण्यात तोच तोल सावकाश जातो, आणि मंदावलेल्या मेंदूला पाऊल टाकायला अवधी मिळतो. पार्किन्सन्सचा माणूस पडण्याच्या भीतीनंच हळूहळू घरात बसू लागतो. बसल्यामुळे स्नायू जातात, स्नायू गेल्यामुळे आणखी पडतो. छातीएवढ्या पाण्यात उलटी पावलं टाकणं, मोठी ढांग मारणं, एका पायावर उभं राहणं अशा गोष्टी करता येतात. त्या बैठकीच्या खोलीत करून बघ म्हटलं तर घरचे हात धरून ठेवतील.

दुसरा गुण विरोधाचा. पाण्यात जितक्या जोरानं हात फिरवावा तितकं पाणी अडवतं, म्हणून प्रत्येकाला आपल्या ताकदीपुरताच व्यायाम मिळतो. तिसरा गुण दाबाचा. चहूबाजूंनी येणाऱ्या दाबामुळे आपला हात कुठे आहे, पाय कुठे आहे याची जाणीव शरीराला अधिक स्पष्ट होते, असं फिजिओथेरपिस्ट सांगतात.

हे सगळं मोजूनही पाहिलं गेलं आहे. स्पेनमधल्या ला कोरुन्यातल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. काही रुग्णांना जमिनीवर व्यायाम, काहींना पाण्यात. तोलाच्या एका प्रमाणित चाचणीत पाण्यातल्या गटाची प्रगती दिसली, जमिनीवरच्या गटाची नाही. पण रुग्ण होते मोजून अकरा! इटलीतल्या डॉ. दानिएले व्होल्पे यांनी २०१४ मध्ये ३४ जणांवर तसाच प्रयोग केला आणि पारडं पुन्हा पाण्याकडे झुकलं. आकडे लहान आहेत, हे खरं. पण २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं पार्किन्सन्स आणि व्यायाम या विषयावरचे १५६ प्रयोग आणि त्यांतले ७,९३९ रुग्ण एकत्र करून आढावा घेतला, तेव्हा जगण्याची गुणवत्ता सुधारण्यात पाण्यातल्या व्यायामाचा मोठा फायदा संभवतो असं दिसून आलं. हालचालींच्या लक्षणांवर नृत्याचा चांगला उपयोग दिसला. त्याच आढाव्याचा आणखी एक निष्कर्ष कुठल्याही एका व्यायामाचा झेंडा मिरवणाऱ्यांना आवडणार नाही. व्यायामांच्या प्रकारांत फारसं डावं-उजवं करता येत नाही. करणं महत्त्वाचं.

किती करायचं, याबाबत मात्र थोडी सक्ती दिसते. अमेरिकेत २०१८ मध्ये १२८ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ट्रेडमिलवर हृदयाची गती कमाल क्षमतेच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत नेणाऱ्या गटाची लक्षणं सहा महिन्यांत जवळपास जागच्या जागी राहिली. काहीच न करणाऱ्यांची वाढली. डॉ. ब्लूम यांच्याच गटानं पुढच्या वर्षी १३० जणांना घरी व्यायामाची सायकल देऊन याला दुजोरा दिला. म्हणजे दम लागला पाहिजे. पाण्यात हृदयाचे ठोके जमिनीपेक्षा काहीसे कमी पडतात, त्यामुळे आकड्यांवर विसंबून राहणं फसवं ठरतं. सलग वाक्य बोलताना मध्ये श्वास घ्यावा लागला, तर श्रम पुरेसे झाले, ही कसोटी कुठल्याही टँकवर चालते.

पोहता न येणाऱ्याला किंवा पोहणं हरवलेल्याला पाण्यात परत न्यायचं कसं, याची एक जुनी पद्धत आहे, तीही याच आजारासाठी न बनलेली. द्रवयांत्रिकी जाणणारे जेम्स मॅकमिलन नावाचे एक इंजिनिअर १९४९ च्या सुमारास लंडनमधल्या हॅलिविक शाळेतल्या अपंग मुलींना पोहायला शिकवू लागले. त्यांनी हातापायांच्या स्ट्रोकपासून सुरुवात केलीच नाही. मुलींना हवेचे फुगे, ट्यूब काहीही दिलं नाही. प्रत्येक मुलीला एक शिकवणारा, आणि पहिला धडा पाण्यात तोंड लागताच हवा बाहेर फुंकण्याचा. मग उभ्याचं आडवं होणं, आडव्याचं उभं होणं, पालथं पडलं तर गिरकी घेऊन उताणं होणं. शरीर पाण्यात कसंही फिरलं तरी तोंड वर कसं आणायचं, हे एकदा अंगी बाणलं की मग पुढे सरकण्याची भाषा. हॅलिविक पद्धत आज जगभर पाण्यातल्या उपचारांत वापरली जाते, आणि पार्किन्सन्सला ती जणू मापून शिवल्यासारखी बसते, कारण या आजारात नेमकी गिरकीच हरवलेली असते. पोहणाऱ्या माणसाचा अहंकार मात्र इथे दुखावतो. तलाव पार केलेल्या आजोबांना कमरेएवढ्या पाण्यात बुडबुडे काढायला सांगितलं, तर ते पहिल्या दिवशी तरी हसणार, नाहीतर चिडणार.

कुठला स्ट्रोक, याला एकच उत्तर नाही. उताणं पोहताना तोंड सतत वर राहतं, श्वासाची वेळ साधावी लागत नाही आणि पुढे झुकलेली छाती उघडते, म्हणून पुष्कळांना बॅकस्ट्रोक सोयीचा वाटतो. पण मान ताठरलेल्याला डोकं मागे टाकणंच जमत नाही, आणि भिंत कधी आली हे कळत नाही. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही बाजू एकदम हलतात, गिरकी लागत नाही, परंतु हात-पाय-श्वास यांचा क्रम चुकला की सगळंच विस्कटतं. गिळण्याचा त्रास सुरू झालेल्यांनी तोंडात जाणाऱ्या पाण्याचा वेगळा विचार करायला हवा, कारण त्यांचा खोकलाही दुबळा झालेला असतो. काही जण डोक्यात मोजत पोहतात, एक-दोन-तीन-श्वास. बाहेरून दिलेला ताल पार्किन्सन्सच्या माणसाला चालताना मदत करतो, हे जगभर मान्य झालेलं आहे. काठावरून टाळी वाजवणारं कुणी असेल तर तोच प्रयोग पाण्यात करून बघता येतो.

आता गोळीचा मुद्दा. लिव्होडोपा हे या आजाराचं मुख्य औषध. ते मेंदूत जाऊन डोपामिन होतं. १९६७ मध्ये जॉर्ज कोत्झियास यांनी त्याचा भरपूर मात्रेतला उपयोग दाखवून दिला आणि अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालू लागली. (हेच लिव्होडोपा आपल्याकडच्या खाजकुइलीच्या बियांमध्ये नैसर्गिकरीत्या असतं. भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ मध्येच ते त्यातून वेगळं काढलं होतं. म्हणून कुणी परस्पर बिया खाऊ नयेत, मात्रा चुकते.) आजार जुना झाला की गोळीचा अंमल काही तासांपुरता उरतो. अंमल असेल तो ‘ऑन’ काळ, उतरला की ‘ऑफ’. पाण्यात उतरायचं ते ‘ऑन’ असताना, आणि तो संपायच्या बऱ्याच आधी बाहेर यायचं. भरल्या पाण्यात मध्यावर ‘ऑफ’ येणं म्हणजे काय, हे ज्यानं पायात गोळे येऊन अनुभवलं आहे त्याला सांगावं लागत नाही. रिकाम्या पोटी औषध लवकर लागू पडतं, दूध-अंड्यासारखी प्रथिनं सोबत गेली तर उशिरा, हेही पोहण्याच्या वेळापत्रकात धरायला लागतं.

पाणी फार गार असेल तर ताठरपणा वाढतो, कंपही. उपचारांसाठीचे तलाव साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सिअस राखतात, स्पर्धेचे तलाव २५ ते २८ अंश. पुण्यातल्या उघड्या टँकचं डिसेंबरमधलं पाणी यांतल्या कुठल्याच हिशेबात बसत नाही. पाणी फार गरम असेल तर रक्तदाब उतरतो. रक्तदाबाचा खरा धोका मात्र बाहेर पडताना. शरीरावरचा पाण्याचा दाब एकाएकी जातो, रक्त पायांकडे धावतं, आणि या आजारात रक्तदाब सावरणारी यंत्रणा आधीच ढिली झालेली असते. शिडीच्या शेवटच्या पायरीवर डोळ्यांपुढे अंधारी येते ती यामुळे. पाण्यात बराच वेळ राहिल्यावर लघवी जास्त तयार होते, आणि पार्किन्सन्समध्ये ती थोपवून धरणं अवघड, ही आणखी एक गोष्ट कुणी मोठ्यानं बोलत नाही.

आणि फरशी! तलावात बुडण्याची सगळ्यांना धास्ती असते, पण पार्किन्सन्सच्या माणसाची हाडं मोडण्याची शक्यता काठाच्या ओल्या फरशीवर अधिक. टँकच्या दाराशी पाय धुण्यासाठी केलेली पाण्याची उथळ पन्हळ असते, ती तर सापळाच आहे. उंबरठा, अरुंद जागा, जमिनीचा बदललेला रंग अशा ठिकाणीच पाय खिळतात, आणि इथे हे सगळं एकत्र, वर ओलं. रबरी तळाचे पाण्यातले बूट काही शे रुपयांत मिळतात. खरं तर पोहण्याच्या गॉगलच्या आधी ते घ्यायला हवेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना पार्किन्सन्स होता. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघरी जाऊन केलेली एक पाहणी जगभर उद्धृत होते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत दर लाखामागे सुमारे ३२८ जणांना हा आजार आढळला होता. मुंबईत डॉ. भीम सिंघल यांनी २००१ मध्ये सुरू केलेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी अनेक शहरांत आधारगट चालवते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर. पुण्यातच नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतले. पाण्यातल्या व्यायामाचं तसं नाही. त्याला तलाव लागतो, आणि आपल्याकडचे तलाव या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले नाहीत.

आज सत्तरीत असलेली पिढी पोहायला शिकली ती पाठीला डबा किंवा सुकलेला भोपळा बांधून, गावच्या विहिरीत, काकानं किंवा मोठ्या भावानं ढकलून दिल्यावर. ते पोहणं अंगात इतकं मुरलेलं, की मे महिन्यात नातवंडांना घेऊन गावी गेलं की हात शिवशिवतात. विहिरीला उथळ बाजू नसते, कठडा नसतो, आणि पायऱ्या असल्या तर शेवाळलेल्या. नदीचंही तेच. शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो, निदान झाल्यानंतरचं पहिलं पोहणं इथे होता कामा नये. ते व्हायला हवं शहरातल्या तलावात, छातीएवढ्या पाण्यात, हाताच्या अंतरावर चांगला पोहणारा माणूस असताना. अनेकदा सोबत येते ती पत्नी. ती काठावर बॅग आणि टॉवेल घेऊन बसलेली असते, आणि तिला स्वतःला पोहता येत नसतं. तिचं लक्ष असणं मोलाचं आहे, पण ती उडी मारू शकत नाही. म्हणून जीवरक्षकाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं लागतं, की मला पार्किन्सन्स आहे, मी मध्येच थांबलो तर मजेत तरंगत नाहीये. चेहऱ्याचे स्नायूही या आजारात थिजतात, त्यामुळे घाबरलेला माणूसदेखील बाहेरून शांत दिसतो. बुडणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायला शिकलेल्या जीवरक्षकाला हे कुणीतरी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

पोहून झाल्यावरचा अर्धा तास हा वेगळाच व्यायाम. ओला, चिकटलेला कॉस्च्यूम काढायचा, शर्टाची बटणं लावायची, ओल्या पायात मोजे चढवायचे, तेही गोळीचा अंमल उतरत असताना. इथे मदतीला पत्नी हवी, पण ती पुरुषांच्या खोलीत येऊ शकत नाही. रुग्ण बाई असेल आणि सोबत नवरा असेल तर अडचण दुप्पट, कारण कित्येक तलावांवर बायकांची बॅच वेगळी, आणि त्या वेळात त्याला फाटकाच्या आतही घेत नाहीत. म्हणून मग पोहणं सुटतं. डॉक्टरांच्या वहीत कारण लागतं ‘आजार वाढला’.

करण्यासारखं फारसं खर्चिक नाही. उभ्या लोखंडी शिडीऐवजी कठडा असलेल्या चार रुंद पायऱ्या, काठाशी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, आधाराचा दांडा बसवलेली आणि कुणालाही सोबत नेता येईल अशी कपडे बदलण्याची एक खोली, उथळ बाजूची एक लेन सावकाश चालणाऱ्यांसाठी. आणि वेळ. सार्वजनिक तलावांची ज्येष्ठांची बॅच बहुधा पहाटे सहा-सातची असते. रात्रभर औषध नसल्यामुळे पार्किन्सन्सच्या माणसाचं शरीर त्या वेळी दिवसातलं सर्वांत ताठर असतं. पहिली गोळी लागू पडून तो मोकळा होतो, नाश्ता करून रिक्षानं टँकपर्यंत पोहोचू शकतो, तोवर अकरा वाजतात. उन्हं पाण्यावर आलेली असतात, पाणी थोडं कोमट झालेलं असतं, लेन सगळ्या मोकळ्या असतात, आणि फाटकाला कुलूप असतं. संध्याकाळची बॅच चारनंतर उघडते.